पहिलं अक्षर

वडगाव हातमाग व यंत्रमाग विणकर सहकारी पतसंस्था.
एवढं नाव नव्या शिक्क्यावर मावेना, म्हणून मला बोलावलं.
मुतगेकर कारकून म्हणाले,
"थोरल्यांनी पोटभर नाव ठेवलंय वो.
जरा शॉर्ट करून द्या. सभासदांची पण करा, एकदमच."

भिंतीपलीकडं माग चालू होते.
मी चार ओळींचं फंक्शन लिहिलं:
नाव घे.
जिथं जागा सुटलीय तिथं तोड.
प्रत्येक तुकड्याचं पहिलं अक्षर उचल.
जोडून परत दे.

आलं: वहवयवसप.
मुतगेकरांनी मोठ्यानं वाचलं,
चहाचा पोरगा दारातच थांबला.
तीन व. पहिला गावाचा, शेवटचा विणकराचा,
मधला नुसता 'आणि', कुणाचाच नव्हे,
तरी त्यांच्या पंगतीला ऐटीत बसलेला.
एका अक्षराचा शब्द वगळ, असं सांगितलं
तर सभासद सत्तर, व य सांबरेकर,
अंगावरचे कपडे काढल्यागत नुसते स उरले.

इंग्रजीत आणखी एक पायरी असते: अक्षर मोठं कर.
सवयीनं तीही लिहून गेले.
ओळ चालली, काहीच झालं नाही.
आपल्या लिपीत थोरलं-धाकटं नसतं
याचं मला उगाच बरं वाटलं.
पण ज्ञानबाचा ज आला, ज्ञान घरीच ठेवून.
क्षमाबाईंचा क आला.
परशराम भरमाण्णा हुंदरे एका कागदावर प भ ह,
दुसऱ्यावर आडनाव पुढं, ह प भ:
फंक्शनच्या लेखी दोन माणसं,
दोघांचा अंगठा एक.

मग पत्त्याचा रकाना.
बेळगाव. बेळगावी. बेलगाम.
ज्याच्यावरून पाट्या पुसल्या, परत रंगल्या,
ते कुणालाही काळं न फासता मिटलं:
ब
ब
ब
मुतगेकर चष्मा वर करून बघत राहिले.
"एवढंच होतं होय?"
एवढंच नव्हतं. वेलांट्या, मात्रा, काने
सगळे खाली सांडले होते,
आणि नुसत्या ब पासून गावाकडं परत जाणारं फंक्शन
अजून कुणी लिहिलेलं नाही.

चारशे बाराव्या नावावर मशीन अडलं.
नागव्वा, मग दोन जागा, मग होसूरकर.
दोन जागांच्या मध्ये एक तुकडा, त्यात काहीही नाही.
जे नाही त्याचं पहिलं अक्षर कुठून उचलणार?

दुरुस्ती सोपी असते. रिकामं असेल तर पुढं जा.
लिहायला बोटं ठेवली,
तर नागव्वाच काउंटरला, पिग्मीचे वीस रुपये घेऊन,
केसांत पिवळं सूत अडकलेलं.
विचारलं, मावशी, मधलं नाव घालायचं राहिलंय काय?

"राहिलं न्हाई बाई. होतं की मालकाचं.
मीच काढायला लावलं, दोन हेलपाटे घालून.
तिथं आता दुसऱ्या कुणाला बसवू नको."
पावती घेऊन दारापर्यंत गेली, परत आली.
"आणि ती जागा पण मोडू नको. माझी हाय ती."

मी वगळ पुसलं.
लिहिलं: रिकामं असेल तर रिकामं ठेव.

संध्याकाळी पासबुकं छापून आली.
चारशे अकरा, हुंदरे, दुसऱ्यांदा.
चारशे बारा:
न, मग धोटा आरपार जाईल एवढी जागा, मग ह.

मुतगेकरांनी पान उजेडात धरलं.
"इथं कायतरी सुटलंय वो."

सुटलं नाही, म्हटलं. सोडलंय.